टाक्या भरल्या, पुढे काय?

२००१ साली महाराष्ट्रातल्या वाइनरी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. दशक संपता संपता त्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली. आणि त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांच्या बागा तोडायला सुरुवात झाली. बागांवर रोग पडला नव्हता, विहिरीही आटल्या नव्हत्या. माल चांगला होता, पण तो घ्यायला वाइनरीच्या टाकीत जागा नव्हती. मागच्या हंगामातली वाइन अजून तिथेच पडून होती.

भारतात वाइन किती बनते, का वाढते आणि का आटते, याची चर्चा बहुतेक वेळा 'आपला माणूस वाइन प्यायला लागला का' या अंगानं होते. चाळीस वर्षांचा पट समोर ठेवला तर वेगळंच दिसतं. पुरवठा किती असावा हे पिणाऱ्यानं क्वचितच ठरवलं. ते ठरलं कर, परवाने आणि शासन निर्णयांनी. वेल लावली गेली ती सवलत पाहून. तिचं फळ विकायची वेळ आली तेव्हा बाजार तिथे पोहोचलेलाच नव्हता. या चुकलेल्या मेळाचा भुर्दंड सगळ्यांत जास्त बागायतदाराला बसला.

देशातली बहुतेक वाइन महाराष्ट्रात बनते, त्यातही नाशिक जिल्ह्यात. उरलेली मुख्यतः कर्नाटकात. त्यामुळे देशाचा पुरवठा म्हणजे बराचसा दिंडोरी, निफाड, नारायणगाव, अकलूज आणि बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्या यांचाच हिशेब आहे.

बंदीच्या काळातली द्राक्षं

भारतात वाइन नवी नाही, पण तिला सलग परंपरा नाही. पोर्तुगिजांमुळे गोव्यात ती जेवणाच्या टेबलावर आणि चर्चमध्ये आली. तिथली गोड, स्वस्त 'पोर्ट वाइन' आजही पर्यटकांच्या पिशवीतून गावोगाव जाते. एकोणिसाव्या शतकात काश्मीरमध्ये महाराजांच्या आश्रयानं फ्रान्सहून आणलेल्या वेलींचे मळे उभे राहिले आणि शतक सरता सरता फायलोक्झेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं ते पोखरले. दोन्ही प्रयत्न आपापल्या जागीच राहिले, देशाचा पुरवठा त्यांतून उभा राहिला नाही.

स्वातंत्र्यानंतर तर वाराच उलट होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नं दारूबंदीच्या दिशेनं जाणं हे राज्याचं कर्तव्य ठरवलं. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा राहिला आणि त्यासोबत पिण्याचा परवानाही. मद्य हा विषय राज्यांच्या अखत्यारीत असल्यानं प्रत्येक राज्याचा कर वेगळा, लेबलच्या नोंदणीची फी वेगळी, विक्रीचे नियम वेगळे. जीएसटी आल्यावरही मद्य त्याच्या बाहेरच राहिलं. नाशिकची बाटली दिल्लीला पाठवणं हे कागदोपत्री परदेशी माल पाठवण्यासारखंच असतं, ते यामुळे.

याच काळात महाराष्ट्रात द्राक्षबाग मात्र फोफावली. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांनी थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निघालेले तास-ए-गणेश, सोनाका असे वाण रुजवले. ठिबक आलं, निर्यात आली, तासगावचा बेदाणा देशभर पोहोचला. म्हणजे वेल सांभाळणारे हात, छाटणीचं ज्ञान आणि पतपुरवठा हे सगळं वाइनच्या आधी तयार होतं. नव्हती ती फक्त वाइनची द्राक्षं आणि ती घेणारी टाकी.

दोन सुरुवाती

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जुन्नर तालुक्यात नारायणगावला श्याम चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फसफसणारी वाइन बनवायला घेतली. तिची 'ओमर खय्याम' ही ओळख आधी परदेशी बाजारात झाली. देशात गिऱ्हाईक नाही हे गृहीत धरून बनवलेला हा माल होता, आणि त्या काळी ते गृहीतक बरोबरच होतं. १९८८ मध्ये कंवल ग्रोव्हर यांनी नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी फ्रेंच वाणांची लागवड केली आणि नव्वदच्या दशकात त्यांची वाइन बाजारात आली. बोर्दोचे प्रसिद्ध सल्लागार मिशेल रोलाँ पुढे त्यांच्यासोबत आले.

नव्वदच्या दशकात राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशिकला कौटुंबिक जमिनीवर परतले. गंगापूर धरणाच्या परिसरात त्यांनी सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शनँ ब्लाँ हे वाण लावले. २००० मध्ये 'सुला'ची पहिली बाटली विक्रीला आली. तोवर देशातली वाइन म्हणजे पंचतारांकित हॉटेलं, वकिलाती आणि विमानकंपन्यांपुरता माल होता. पुरवठा थोडा, पण मागणीच्या बेताचा.

२००१ चं धोरण आणि लागवडीची लाट

सप्टेंबर २००१ मध्ये विलासराव देशमुख यांच्या सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केलं. शरद पवार यांचा या विचाराला पूर्वीपासून पाठिंबा होता. राज्यातल्या द्राक्षांपासून बनलेल्या वाइनला उत्पादन शुल्कातून दहा वर्षं सूट मिळाली. ती पुढे आणखी दहा वर्षं वाढली. वाइनरीला लघुउद्योगाचा दर्जा, सुटसुटीत परवाने, आणि निफाड तालुक्यातलं विंचूर व सांगली जिल्ह्यातलं पलूस इथे वाइन पार्क. हेतू स्वच्छ होता: खायच्या द्राक्षाला दर पडतो तेव्हा शेतकऱ्याला दुसरा रस्ता असावा.

हेतूतच एक गफलत होती. खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष ही दोन वेगळी पिकं आहेत. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. बाजार समितीत तो कुणी घेत नाही, त्याचा बेदाणाही होत नाही. थॉमसनवाल्याला एका व्यापाऱ्यानं नाही म्हटलं तर दुसरा असतो, नाहीतर बेदाणा असतोच. शिराझ किंवा कॅबर्नेवाल्याला वाइनरी एके वाइनरी. दुसरा रस्ता म्हणून जे दाखवलं गेलं, ते प्रत्यक्षात एकाच दाराचं घर होतं.

शिवाय वेळेचा प्रश्न. युरोपात थंडीत वेल झोपते. इथे ती झोपत नाही, म्हणून तिला वर्षात दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या फळाची काडी तयार होते. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यावर घड लागतात. जानेवारी ते मार्च तोडणी. लागवडीपासून नीट पीक हाती यायला साधारण तीन वर्षं लागतात आणि मग बाग वीसेक वर्षं उभी राहते. २००४ मध्ये सवलत पाहून लावलेली वेल खऱ्या अर्थानं बाजारात आली ती २००७ मध्ये. सगळ्यांनी एकाच वेळी लावली, म्हणून सगळ्यांचा माल एकाच वेळी आला.

हंगामातली एखादी पहाट पाहिली की या धंद्याची घाई कळते. ऊन चढायच्या आत तोडणी उरकायची, कारण तापलेला घड टाकीपर्यंत जाताना बिघडतो. क्रेट भरून गाडी वाइनरीच्या फाटकाशी रांगेत उभी राहते. तिथला माणूस वेगवेगळ्या क्रेटमधले मणी चिरडतो, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो, डोळ्याला लावतो आणि साखरेचा, म्हणजे ब्रिक्सचा, आकडा सांगतो. खायच्या द्राक्षाला अठरा ब्रिक्स चालते, वाइनच्या द्राक्षाला बावीस-तेवीसच्या पुढे जावं लागतं. या आकड्यावर दर ठरतो. साखर वाढावी म्हणून बागायतदारानं आधीच घड विरळ केलेले असतात, म्हणजे वजन मुद्दाम कमी घेतलेलं असतं. इतकं करून फाटकातून 'टाकी भरली, पुढच्या आठवड्यात बघू' असं उत्तर आलं तर त्याच्या हाती काहीच राहत नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत घड वेलीवर थांबत नाही.

२००८ ते २०११ : उतार

२००७-०८ च्या सुमारास राज्यातलं वाइन उत्पादन दोन कोटी लिटरच्या घरात पोहोचलं होतं. मग जागतिक मंदी आली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. हल्ल्याचं लक्ष्य झालेली ताज आणि ट्रायडंट-ओबेरॉय ही मुंबईतली बडी हॉटेलं. परदेशी पाहुणा थांबला, मेजवान्या थांबल्या. वाइनचा सगळ्यात भरवशाचा बाजार एका हंगामात आक्रसला, तोही नव्या बागांचा माल भरात असताना.

धान्य, साखर गोदामात ठेवता येते. वाइनचं तसं नाही. आपल्याकडची बहुतेक पांढरी वाइन ताजी प्यायची असते, वर्षा-दोन वर्षांत तिचा तजेला जातो. आणि महाराष्ट्रात वर्षभराची वाइन मुख्यतः जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतच बनते. डिसेंबरअखेर टाकी रिकामी नसेल तर नवा रस घालायचा कुठे? टाक्या तुंबल्या तशी खरेदी थांबली. नवख्या वाइनऱ्यांपैकी अनेकांकडे द्राक्षं आणि यंत्रं होती, पण ब्रँड नव्हता, वितरक नव्हता, दुकानात जागा नव्हती. त्यांतल्या कित्येक बंद पडल्या किंवा मोठ्या कंपन्यांसाठी वाइन बनवून देऊ लागल्या. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये कंपन्या विकत घेऊन फुगलेली चौगुले यांची नारायणगावची कंपनी इंडेज कर्जाखाली कोसळली आणि मुंबई उच्च न्यायालयात तिच्या अवसायनापर्यंत प्रकरण गेलं. बागायतदारांनी वेली उपटल्या आणि पुन्हा थॉमसनकडे वळले.

आधी कळस मग पाया, असं या दशकाचं वर्णन करावं लागेल. वाइनरी उभी करायला सवलत होती. वाइन विकायला, साठवायला, लोकांपर्यंत न्यायला फार काही नव्हतं. २००९ मध्ये राज्यानं वाइन उद्योग प्रोत्साहन योजना आणली: विक्रीवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उत्पादकाला परत. त्याच वर्षी केंद्रानं पुण्यात भारतीय द्राक्ष प्रक्रिया मंडळ स्थापन केलं आणि २०११ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेचा सदस्य झाला. उपाय योग्य होते, पण तोवर बऱ्याच बागा सरपणात गेल्या होत्या.

कराराची शेती, मोजका पुरवठा

त्यानंतरचं दशक सावध होतं. टिकलेल्या कंपन्यांनी द्राक्ष खुल्या बाजारातून घेणं कमी केलं आणि बागायतदारांशी दीर्घ मुदतीचे करार केले: कोणता वाण, एकरी किती टन, किती ब्रिक्सला काय दर. आधी विक्रीचा अंदाज, मग लागवड. अकलूजला मोहिते-पाटील कुटुंबानं इटालियन भागीदारांसोबत 'फ्रातेल्ली' उभी केली ती स्वतःच्या बागांवर. २०१२ मध्ये ग्रोव्हर आणि नाशिकची झाम्पा एकत्र आल्या. फ्रान्सच्या मोएट हेनेसीनं दिंडोरीत 'शाँदों' सुरू केली. कर्नाटकानं २००७ मध्येच स्वतःचं वाइन धोरण आणलं होतं. तिथला बेंगळुरू ब्लू हा वाण स्वस्त, गोड वाइनचा आधार राहिला.

मागणी वाढवायला सगळ्यात उपयोगी पडलं ते वाइन पर्यटन. मद्याच्या जाहिरातीवर बंदी असलेल्या देशात गिऱ्हाइकालाच बागेत आणायचं, टाकी दाखवायची, चव द्यायची, ही युक्ती सुलानं नेटानं वापरली. मुंबई-पुण्याची तरुण मंडळी शनिवार-रविवार नाशिकला जाऊ लागली. त्र्यंबकेश्वर आणि पंचवटीच्या जिल्ह्याला दुसराही पाहुणा मिळाला. २०१० च्या दशकाच्या शेवटी सुलाची वार्षिक विक्री दहा लाख पेट्यांपर्यंत गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

या आकड्याचं शेतातलं वजन किती? एका पेटीत बारा बाटल्या, म्हणजे नऊ लिटर. बाटलीमागे ढोबळमानानं सव्वा किलो द्राक्षं. दहा लाख पेट्यांना पंधरा हजार टनांच्या आसपास द्राक्षं पुरतात. देशात वर्षाला तीस लाख टनांहून अधिक द्राक्षं पिकतात. म्हणजे देशातली सगळ्यात मोठी वाइन कंपनी शंभर किलो द्राक्षांतलं जेमतेम अर्धा किलो घेते. वाइनमुळे द्राक्षबागायतदारांचा प्रश्न सुटेल, असं जेव्हा जेव्हा सभागृहात किंवा व्यासपीठावर बोललं जातं, तेव्हा हे प्रमाण आठवावं. वाइन हा काही हजार एकरांचा चांगला जोडधंदा आहे. द्राक्षपट्ट्याचं तारू नाही.

करारानं पुरवठा स्थिर झाला, पण खरेदीदार मोजके राहिले. एका कंपनीकडे निम्म्याहून अधिक बाजार असतो तेव्हा तिचा अंदाज हाच जिल्ह्याचा अंदाज होतो. तिनं एखाद्या वर्षी खरेदीला हात आखडता घेतला की बागायतदाराला जायला जागा नसते. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तोडणी नुकतीच आटोपली होती, टाक्या काठोकाठ होत्या आणि दुकानं सव्वा महिना बंद. करोनानंतर विक्रीनं उसळी घेतली खरी, पण २०२४-२५ मध्ये शहरी मागणी थंडावल्याचं कंपन्यांनीच सांगितलं. दरम्यान व्हॅट परताव्याची योजना थांबली आणि पुन्हा सुरू झाली. ज्या धंद्याचा नफा परताव्याच्या तारखेवर हलतो, तिथे वीस वर्षांची वेल लावताना कुणाचाही हात थरथरेल.

बाहेरून येणारी बाटली

देशी पुरवठा टिकला त्यात आयात शुल्काचा मोठा वाटा आहे. २००७ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघानं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केल्यावर भारतानं मद्यावरचं अतिरिक्त सीमाशुल्क काढलं, आणि त्याच वेळी वाइनवरचं मूळ शुल्क १०० वरून १५० टक्क्यांवर नेलं. महाराष्ट्रानंही आयात वाइनवर विशेष शुल्क लावलं. या भिंतीआडच नाशिकची वाइन मोठी झाली.

भिंतीला पहिलं मोठं खिंडार पडलं ते डिसेंबर २०२२ मध्ये, ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार लागू झाला तेव्हा. ५ डॉलरहून महाग बाटलीवर १५० ऐवजी १०० टक्के शुल्क, दहा वर्षांत ५० पर्यंत. १५ डॉलरहून महाग बाटलीवर ७५ टक्के, दहा वर्षांत २५ पर्यंत. पाच डॉलरची अट नीट पाहिली पाहिजे. तिच्या खालच्या मालाला सवलत नाही, म्हणजे चारशे-पाचशे रुपयांची देशी बाटली अजून सुरक्षित आहे. झळ बसणार ती हजाराच्या पुढच्या देशी वाइनला, आणि आपल्या कंपन्यांनी गेल्या दहा वर्षांत मेहनतीनं चढलेली पायरी नेमकी तीच. युरोपीय संघाशी झालेल्या वाटाघाटींतही वाइनवरचं शुल्क हा मोठा मुद्दा राहिला.

शेवटचा मैल

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटातून वाइन विकायला मान्यता दिली. दारूबंदी असलेले जिल्हे आणि शाळा-देवळांचा परिसर वगळला होता. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं सत्ताधाऱ्यांकडून सांगितलं गेलं, विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' हा शब्द गाजवला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय बासनात गेला. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेलं पेय दारू नव्हे म्हणणं चूकच होतं. ते मान्य करूनही ते विकायचं कसं, ही चर्चा व्हायला हवी होती. ती झाली नाही.

त्यामुळे वाइन आजही मुख्यतः जाळीआडच्या दुकानातून विकली जाते. मे महिन्यात अशा दुकानासमोर उभं राहून पाहावं. वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला चिकटून, धूळ बसलेल्या बाटल्या उभ्या असतात. फ्रिजमध्ये जागा बिअरला. बारा-चौदा अंशांत जपून बनवलेली पांढरी वाइन तिथे महिनोन्‌महिने चाळीस अंशांत शिजते. ती घेणारा नवखा माणूस पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो आणि पुन्हा तिच्या वाट्याला जात नाही. शेतापासून टाकीपर्यंत पहाटेची घाई आणि दुकानात हा निवांतपणा. बुचाऐवजी फिरकीचं झाकण आल्यानं थोडा बचाव झाला, पण उष्णतेवर झाकणाचा इलाज नाही.

पुरवठा मागणीपुढे धावण्याचं दुखणं आपलं एकट्याचं नाही. फ्रान्समध्ये १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभराहून अधिक लिटर वाइन प्यायली जायची. आता ते प्रमाण चाळिसाच्या आसपास आलं आहे. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं युरोपीय संघाच्या साहाय्यानं २० कोटी युरो खर्चून जादा वाइनचं औद्योगिक अल्कोहोल करून घेतलं आणि बोर्दोत वेली उपटायला अनुदान दिलं. तिथे मागणी आटली म्हणून वेल उपटली, आपल्याकडे मागणी आलीच नव्हती तरी लावली होती. आणि फरक आणखी एक: तिथे उपटण्याचे पैसे सरकारनं दिले, इथे शेतकऱ्यानं स्वतःच्या खिशातून भरले.

त्यात हवामानाची भर पडली आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लांबलेल्या पावसानं नाशिकच्या बागा झोडपल्या, छाटलेल्या वेलींवर डाऊनी हा रोग पसरला. अशी वर्षं वाढली तर टाकी भरलेली असणं आणि रिकामी राहणं या दोन्ही टोकांची तयारी ठेवावी लागेल.

म्हणून पुढचं धोरण ठरवताना किती नव्या वाइनरी आल्या आणि किती कोटींची गुंतवणूक झाली हे आकडे बाजूला ठेवावेत. तीन आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत: डिसेंबरअखेर राज्यातल्या टाक्यांत किती लिटर वाइन शिल्लक आहे, वर्षभरात प्रत्यक्ष किती विकली गेली, आणि वाइनच्या द्राक्षाखालच्या किती एकरांना पाच वर्षांहून लांब मुदतीचा खरेदी करार आहे. पहिला आकडा फुगू लागला तर लागवडीच्या सवलती त्या वर्षी थांबवाव्यात. तिसरा घटू लागला तर परतावा घेणाऱ्या कंपनीला करार करणं बंधनकारक करावं. सरकारी तिजोरीतून बाटलीमागे पैसे परत जातात, तेव्हा त्या बाटलीतल्या सव्वा किलो द्राक्षांची हमी मागणं गैर नाही. ही माहिती उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदींत आणि कंपन्यांच्या दप्तरांत आहेच. ती बागायतदाराला गोडी छाटणीच्या आधी मिळाली, तर यंदा किती घड ठेवायचे आणि नवी बाग लावायची की नाही, हे तो स्वतः ठरवू शकेल.